मशीन घेतलं, आता माणूस नेमा : कृत्रिम अवयव केंद्रांच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सरकारी रुग्णालयांतली कृत्रिम अवयव केंद्रं ज्यांच्या सहीने चालतात, ज्यांच्या सहीने तिथली खरेदी होते, ज्यांच्या सहीने तिथल्या जागा भरतात किंवा रिकाम्या राहतात ते सगळे अधिकारी, आणि हातपाय वाटपाची शिबिरं भरवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त

साहेब, मॅडम, नमस्कार.

आमच्या भागातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कृत्रिम अवयव केंद्र आहे. गेल्या महिन्यात तिथे नोटीस लागलीय. प्लास्टरवर माप घ्यायचं काम बंद, केंद्र आता डिजिटल झालंय, यापुढे पाय, हात, आणि कॅलिपर, ब्रेस अशी पायाला पाठीला आधार देणारी साधनं, सगळ्याची मापं शिबिरातच घेतली जातील आणि शिबिराची तारीख नंतर कळवली जाईल. खाली सही, शिक्का. आणि ज्या डिजिटल मशीनच्या नावावर हे झालं ते मशीन चालू नाहीये. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर टाकलेलं आहे, खोलीला कुलूप आहे, आणि तिथे काम करणारे टेक्निशियन रिटायर झाले त्यांच्या जागी कुणी आलेलंच नाही. म्हणजे जुनं बंद केलं, नवं सुरू नाही, आणि मधल्या काळात ज्यांच्या पायाला फोड आलाय त्यांनी तारखेची वाट बघायची. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाहीये म्हणून लिहितोय.

रुग्णालयाचं नाव मी इथे घालत नाही. तिथल्या एका माणसाला धरून हा प्रश्न सुटणार नाही, आणि रीतसर लेखी अर्ज मी दिलेला आहे, त्यात नाव गाव सगळं आहे. हे पत्र उघड लिहायचं कारण असं की आम्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या जिल्ह्यातले लोक पण हेच सांगतात, कुठे स्कॅनर आहे पण सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलंय, कुठे मशीन आहे पण त्यावर कापायचा फोम नाही, कुठे सगळं आहे आणि माणूस नाही.

मी कोण ते सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. व्हीएमसी आहेत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन, एक सीएनसी लेथ आहे, फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं ते मशीनिंग करून द्यायचं. कॉम्प्युटरवर कॅडमधे मॉडेल काढायचं, कॅममधे टूलपाथ, म्हणजे कटर कुठून कसा फिरेल तो मार्ग, मग मशीनवर जॉब, यावरच माझं घर चालतं. आणि माझ्या मुलीचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. उसाच्या ट्रॉलीखाली आला, तेव्हा ती अंगणवाडीत होती. आता चौथीत आहे. पाय नीट बसलेला असला तर खो-खो खेळते. नीट बसलेला नसला तर मधल्या सुट्टीत बाकावरच बसून राहते आणि घरी येऊन काही सांगत पण नाही, रात्री मोजा काढल्यावर आम्हाला कळतं.

ज्यांचा याच्याशी कधी संबंध आलेला नाही त्यांना वाटतं कृत्रिम पाय म्हणजे ते रबरी पाऊल. पाऊल तयार मिळतं हो, नळी तयार मिळते, जोडायचे ॲडॉप्टर तयार मिळतात. तयार मिळत नाही तो सॉकेट, उरलेला पाय ज्यात जाऊन बसतो तो भाग. अख्ख्या अंगाचं वजन तिथे येतं, आणि ते अशा कातडीवर येतं जी वजन घ्यायला बनलेलीच नाही. गुडघ्याच्या वाटीखाली जो दोरीसारखा जाड टेंडन लागतो तो दाब सोसतो. पोटरीचं मांस सोसतं. नडगीची धार सोसत नाही. बाहेरच्या बाजूला फिब्युला या पोटरीतल्या बारीक हाडाचं छोटं डोकं हाताला लागतं ते तर अजिबात सोसत नाही, त्याच्या लगत खालून नस वळून जाते. आणि लहान मुलांचं आणखी एक असतं, कापलेलं हाड आतल्या आत वाढत राहतं, त्याचं टोक कातडीला आतून टोचायला लागतं, काहींचं त्यासाठी परत ऑपरेशन करावं लागतं. म्हणून टोकाशी किती जागा ठेवायची हे दर खेपेला हात लावून बघावं लागतं, मागच्या खेपेवरून अंदाज करून चालत नाही.

केंद्रातले जे टेक्निशियन रिटायर झाले त्यांना सगळी पोरं मामा म्हणायची. त्यांचं काम मी शेजारी उभा राहून बघितलेलं आहे. ओला स्टॉकिनेट, मोज्यासारखं विणलेलं कापड, पायावर चढवायचे, आणि ओलसर कापडावर जांभळी उमटते अशी एक पेन्सिल असते तिने खुणा करायचे, टेंडन इथे, नडगीची धार इथून इथपर्यंत, फिब्युलाचं डोकं, टोक. मग प्लास्टरची पट्टी गुंडाळायची आणि ती सेट होईपर्यंत दोन्ही अंगठे टेंडनच्या दोन बाजूंना दाबून धरायचे, बाकीची बोटं मागे गुडघ्याच्या लवणीत. प्लास्टर उतरवलं की खुणा आतल्या अंगाला उमटलेल्या असायच्या, त्यात पीओपी ओतून पायाचा ठोकळा तयार झाला की त्याच्यावर पण त्याच खुणा. मग कानस घेऊन बसायचे, टेंडनपाशी चार-पाच मिलिमीटर उतरवायचं, फिब्युलाच्या डोक्यावर थर चढवायचा, मधेच उठून परत मुलीच्या पायाला हात लावून यायचं. मग ओव्हनमधे पॉलीप्रॉपिलीनची पांढरी शीट, ती तापून आरपार दिसायला लागली की बाहेर काढून ठोकळ्यावर टाकायची आणि व्हॅक्यूम लावायचा. सॉकेट तयार झाला की तळाला मऊ मातीची गोळी टाकून मुलीला उभं करायचे आणि गोळी किती चपटी झाली ते बघायचे, त्यावरून टोक तळाला आदळतंय की अधांतरी लोंबतंय ते कळायचं. एवढं सगळं झाल्यावर मग चालवून बघायचं, आणि अलाइनमेंटचे, म्हणजे पायाचा कल जुळवायचे, स्क्रू अर्धा फेरा इकडे अर्धा फेरा तिकडे.

कॅड-कॅम म्हणजे दुसरं काही नाही, हेच काम आहे. प्लास्टरच्या जागी स्कॅनर, कानशीच्या जागी सॉफ्टवेअर, पीओपीच्या ठोकळ्याच्या जागी फोमचा ठोकळा आणि तो कापणारं कार्व्हिंग मशीन. पुढे परत तीच शीट आणि तोच ओव्हन. ही काही कालपरवा निघालेली गोष्ट पण नाही. १९८० च्या दशकात कॅनडातल्या व्हँकुव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, जेम्स फूर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर सॉकेट डिझाइन करायची पद्धत बसवली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे पण त्याच सुमाराला काम चाललेलं होतं. आणि हेच फूर्ट १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलेला पीटीबी सॉकेट तयार करणाऱ्या लोकांत होते, टेंडनवर वजन घेणारा तोच सॉकेट जो मामा हाताने करायचे. म्हणजे ज्यांनी या कामात कॉम्प्युटर आणला त्यांनी आधी प्लास्टरमधे वर्षं घातलेली होती. आपल्याकडे कॉम्प्युटर आला म्हणून प्लास्टर जाणणारा माणूसच काढून टाकला जातोय, माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

मशीनला माझा विरोध नाही, उलट ते मशीन चालू व्हावं असं माझ्याइतकं कुणाला वाटत नसेल. लहान पोर प्लास्टर कापायची करवत बघूनच रडायला लागतं, स्कॅन थोड्या मिनिटांत होतो. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठणाऱ्या, मुलाचा पाय प्लास्टर सुकेपर्यंत एका जागी धरून ठेवणं म्हणजे दोन माणसांचं काम असतं आणि तरी तो मधेच ताठतो. पीओपीचे ठोकळे ठेवायला कुठल्याच केंद्रात जागा नसते, ते फोडून टाकतात, फाइल मात्र राहते. मागच्या वर्षीचा आकार आणि या वर्षीचा आकार स्क्रीनवर एकावर एक ठेवले की पाय कुठे वाढला आणि कुठे मांस उतरलं ते रंगात दिसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फाइल प्रवास करते, माणसाला करावा लागत नाही. गडचिरोलीत किंवा धडगावला स्कॅन करायचा, फाइल नागपूरला नाशिकला पाठवायची, तिथे ठोकळा कापून सॉकेट ओढायचा, पार्सलने परत पाठवायचा, आणि गावाजवळच्याच केंद्रात जाणता माणूस तो घालून बघेल, घासेल, गरम करून फुगवेल, चालवून बघेल. एक पाय नसलेल्या माणसाला एसटीने जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला जायला लावणं यातून थांबू शकतं. हे होऊ शकतं आणि होत नाहीये म्हणून तर राग आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य, मशीन घेतलं पण माणूस घेतला नाही. आमच्या एमआयडीसीत कुणी व्हीएमसी घेतो तेव्हा आधी सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, बघतो, सेटर मिळत नसला तर बुकिंग पुढे ढकलतो, कारण सेटरशिवाय मशीन म्हणजे हप्ते भरायचं लोखंड. आणि आमचा जॉब बिघडला तर स्क्रॅपमधे जातो, दुसरं कास्टिंग घेता येतं. इथे जॉब म्हणजे एका पोरीचा पाय आहे. कार्व्हर फोमवर पाहिजे तेवढं बारीक कापेल हो, पण कुठे उतरवायचं कुठे चढवायचं हे त्याला कोण सांगणार? स्कॅनरला फक्त कातडीचा पृष्ठभाग दिसतो. आत हाड कुठे आहे, मांस कुठे आहे, दाबल्यावर कुठे कळ येते हे त्याला दिसत नाही. म्हणून स्कॅनच्या आधी हाताने चाचपून हाडांच्या जागी मार्कर चिकटवायचे असतात, मामांच्या जांभळ्या खुणांचं काम ते मार्कर करतात. शिवाय उरलेला पाय सकाळी वेगळा असतो संध्याकाळी वेगळा, सूज चढते उतरते, कुठल्या वेळचा आकार धरायचा हा पण अनुभवाचाच भाग आहे. हे शिकलेली माणसं देशात आहेत. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं करण्याची, पदवी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची आहे, १९९२ च्या कायद्याने रिहॅबिलिटेशन काउन्सिलकडे त्यांची नोंदणी होते. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची १९५५ पासूनची संस्था आहे, तिथे हे शिकवतात. पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर १९४४ पासून आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झालेलं. ज्या राज्यात ही विद्या इतकी जुनी आहे तिथल्या केंद्रात एक जागा भरायला इतका वेळ का लागावा, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

दुसरी तक्रार पैशाची, म्हणजे पैसे नाहीत अशी नाही, चुकीच्या जागी आहेत अशी. मशीनला पैसा मिळतो, जिल्हा नियोजनमधून मिळतो, कंपन्यांच्या सीएसआरमधून मिळतो, कारण मशीन म्हणजे एकदाचा खर्च आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो. फोमचे ठोकळे, पॉलीप्रॉपिलीनच्या शीट, सॉकेटच्या आत घालायचे मऊ लायनर, स्टॉकिनेट, कटर, सॉफ्टवेअरचं दरवर्षीचं लायसन्स, एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, हा दर वर्षीचा खर्च आहे आणि त्याला बजेटात हेडच नाही असं सांगतात. मी मशीन विकत घेणारा माणूस आहे, मला माहीत आहे की पहिल्या दिवशीची किंमत ही अर्धीच गोष्ट असते. टेंडर काढतानाच पाच वर्षांची एएमसी, लायसन्स आणि वर्षाला लागेल तेवढा माल त्यात का धरत नाहीत?

तिसरी शिबिरांची. इथे मला जपून बोलायचंय कारण शिबिरांनी हजारो लोकांना उभं केलंय हे मी मानतो. जयपूरला रामचंद्र शर्मांच्या हातातून आणि डॉ. प्रमोद करण सेठींच्या देखरेखीत जे पाऊल तयार झालं त्याने आपल्या लोकांना मांडी घालून बसता येतं, अनवाणी चिखलात जाता येतं, १९७५ पासून जयपूरची संस्था ते मोफत देतेय. आमच्या शेजारचे एक आजोबा तेच पाऊल घालून भाताच्या लावणीला जातात, मी रोज बघतो. पण मोठ्या माणसाचा पाय बऱ्यापैकी एका मापावर थांबलेला असतो, त्याला वर्षातून एकदा शिबिर एखाद वेळेस चालून जाईल. वाढत्या पोराला नाही चालत. आणि शिबिर हे केंद्राला जोड म्हणून असावं, केंद्राच्या ऐवजी नाही.

आमच्याबाबतीत काय झालं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या शिबिरात ते लिहीत नाही. टॅबला लावलेला सेन्सर घेऊन एक मुलगा आला, बिचारा चांगला होता, पण त्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलेलं होतं. मोजा न काढता, पाय खुर्चीवरून खाली लोंबता ठेवून त्याने स्कॅन केला, हाडं चाचपली नाहीत, मार्कर लावले नाहीत. मी विचारलं तर म्हणाला सॉफ्टवेअर करतं सगळं. काही आठवड्यांनी स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते पाय मिळाला, ट्रायलचा सॉकेट नाही, मातीची गोळी नाही, दहा पावलं चालवून बघितलं नाही. फिब्युलाच्या डोक्यावर बरोबर दाब येत होता, आठवडाभरात तिथे फोड आला, फुटला, पाय बाजूला ठेवावा लागला आणि पोरगी कुबड्यांवर शाळेत गेली. दाखवायचं कुठे? शिबिर संपलेलं, केंद्र बंद. कार्डावरच्या नंबरवर फोन केला तर पुढच्या शिबिराला घेऊन या म्हणाले. ज्या दुरुस्तीला मामांना हीट गन आणि वीस मिनिटं लागली असती तिच्यासाठी. घरात पाय आहे आणि वापरता येत नाही अशी घरं मी बरीच बघितलीत, पण तुमच्या रजिस्टरमधे ती सगळी लाभार्थी म्हणूनच नोंदलेली आहेत.

चौथी, थ्रीडी प्रिंटिंग. अलीकडे प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी प्रिंट केलेला हात नाहीतर पाय दाखवतं आणि आता सगळं स्वस्तात होणार असं बोललं जातं. प्रिंटरवर माझा पण विश्वास आहे, माझ्याकडे फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडायच्या चौकटी, करायला एक आहे. म्हणून सांगतो, साध्या प्रिंटरमधून वस्तू थरावर थर बसून तयार होते आणि थरांच्या मधे ती सगळ्यात कच्ची असते. पीएलए नावाचं जे सगळ्यात स्वस्त मटेरियल वापरतात ते साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, मे महिन्यात अकोल्याला चंद्रपूरला उन्हात उभ्या गाडीत ते सोडून बघा. पायावर अंगाचं वजन दिवसातून हजारो वेळा येतं, म्हणून कृत्रिम पायाच्या मजबुतीसाठी आयएसओ १०३२८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात लाखो वेळा लोड देऊन चाचणी करतात. प्रिंट केलेला सॉकेट द्यायचा असला तर खुशाल द्या, चांगल्या नायलॉनचे, चांगल्या मशीनवर केलेले सॉकेट जगात लोक वापरतायत, पण कुठलं मटेरियल, कुठली चाचणी, आणि तुटला तर जबाबदार कोण हे लिहून द्या. शाळकरी पोरांवर प्रयोग करून बातमी छापून आणू नका, एवढी हात जोडून विनंती.

पाचवी तक्रार माझ्या मुलीची नाही, पण तिच्या बरोबरीने केंद्रात येणाऱ्या मुलींची आहे. पाठीच्या कण्याला बाक येतो, स्कोलिओसिस, तो बहुतेक करून उंची वाढायच्या वयात, दहा ते पंधराच्या मधे वाढतो, आणि मुलींत जास्त. ब्रेस त्याच काळात घालावा लागतो, वाढ थांबल्यावर ब्रेसचा काही उपयोग नसतो. २०१३ मधे अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे आला होता. ब्रेस घातलेल्या मुलांत ७२ टक्के जणांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के जणांचा. आणि दिवसाला जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त, तेरा तासांच्या वर घालणाऱ्यांत तर नव्वद टक्क्यांच्या पुढे. तेरा तास, शाळेत, उकाड्यात, ड्रेसच्या आत. टोचणारा ब्रेस कुठली मुलगी घालेल? इथे स्कॅन आणि कार्व्हिंगचा खरा उपयोग आहे, अख्ख्या धडाला ओलं प्लास्टर गुंडाळून उभं राहायचं त्या वयाच्या मुलीला किती अवघड जातं ते तिच्या आईला विचारा. आणि त्या मुलीला आपण काय सांगतोय, तर शिबिराची तारीख नंतर कळवू. सहा महिने गेले तर तिच्या वाढीतले सहा महिने गेले, ते कुठल्याच योजनेत परत मिळत नाहीत. (वयाचा नियम पण बघा, केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या ॲडिप योजनेत बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने परत साधन मिळतं आणि त्यापुढे तीन वर्षांनी. बारा ते सोळा हीच तर पोरं झपाट्याने वाढायची वर्षं. हा नियम दिल्लीचा आहे, मला माहितीय, पण राज्याने पत्र तरी लिहावं आणि मधली दोन वर्षं स्वतःच्या निधीतून भागवावीत. स्थानिक संस्थांचा पाच टक्के दिव्यांग निधी मग कशासाठी आहे?)

सहावी छोटी वाटेल पण माझ्यासारख्याला ती मोठी दिसते. मुलीच्या पायाचे जे स्कॅन झाले त्यांच्या फाइली मी मागितल्या तर मिळाल्या नाहीत. एकाने सांगितलं सॉफ्टवेअर फाइल बाहेर देत नाही, एकाने सांगितलं कंपनीची मालमत्ता आहे. माझ्या मुलीच्या पायाचा आकार कंपनीची मालमत्ता कसा होईल? एक्स-रे काढला तर फिल्म हातात देतात ना? एसटीएल ही थ्रीडी आकार साठवायची साधी फाइल आहे, जवळपास कुठल्याही थ्रीडी सॉफ्टवेअरमधे उघडते. ती पेनड्राइव्हवर मिळाली असती तर दुसऱ्या केंद्रातल्या माणसाला मागच्या दोन वर्षांचा पाय बघता आला असता, हाड कुठल्या बाजूला वाढतंय ते कळलं असतं. दर वेळी नव्याने सुरुवात करायला लावायची आणि मग त्याला डिजिटल म्हणायचं हे बरोबर नाही.

आता मागण्या, सरळ सांगतो.

नोटीस मागे घ्या आणि प्लास्टरची खोली उद्यापासून उघडा, डिजिटल काम पूर्ण सुरू होऊन सहा महिने नीट चालेपर्यंत ती बंद करू नका, आणि नंतर पण एक टेबल राहू द्या कारण वीज जाते, मशीन बंद पडतं.

प्रत्येक सरकारी केंद्रात रिहॅबिलिटेशन काउन्सिलची नोंदणी असलेला निदान एक प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट आणि त्याच्या हाताखाली टेक्निशियन कायम पदावर नेमा. कंत्राटी अकरा महिन्यांचा नको, कारण हे काम हातात बसायलाच वर्षं जातात. रिटायर झालेल्या टेक्निशियनना मानधनावर परत बोलवा आणि नवीन पोरांना त्यांच्या हाताखाली बसवा, ते आहेत तोवर. जिथे माणूस नाही तिथे नवीन मशीन मंजूर करू नका.

फोम, शीट, लायनर, लायसन्स, एएमसी यासाठी वेगळं हेड करा आणि पुढच्या प्रत्येक टेंडरमधे रुग्णाला खुल्या फॉरमॅटमधे फाइल देण्याची अट घाला. फाइल रुग्णाची, हे शासन निर्णयात लिहा.

प्रत्येक जिल्ह्यात कार्व्हर घ्यायची गरज नाही, मशीन चालवणारा म्हणून सांगतो, ते निम्मा वेळ रिकामं राहील. विभागाला एक चांगलं कार्व्हिंग सेंटर करा, जिल्ह्याला स्कॅनर, ओव्हन, व्हॅक्यूम आणि फिटिंग करणारा माणूस द्या.

शिबिर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून लिहून घ्या की ट्रायल सॉकेट घालून चालवल्याशिवाय पाय द्यायचा नाही, दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी होईल, आणि मधल्या दुरुस्त्या कुठल्या केंद्रात होतील त्याचं नाव कार्डावर असेल. लाभार्थी किती हा आकडा देताना सहा महिन्यांनी किती जण तो पाय वापरतायत हा आकडा पण द्या.

१८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला गरज पडेल तेव्हा सॉकेट किंवा ब्रेस बदलून मिळावा, वर्षाची किंवा तीन वर्षांची अट नको. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधे सहाय्यक साधनांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, मी नवीन काही मागत नाही.

आणि कुठल्या केंद्रात कुठलं मशीन आहे, चालू आहे की बंद, किती जागा मंजूर आणि किती भरलेल्या, ही यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करा. २०११ च्या जनगणनेत देशात चालण्या-हलण्याचं अपंगत्व असलेले ५४ लाखांहून जास्त लोक मोजले गेले, त्यांच्या घरच्यांना निदान कुठे जायचं ते तरी कळू दे.

आमच्याकडून जे होईल ते सांगून थांबतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावमधल्या आम्ही काही शेडवाल्यांनी ठरवलंय, की बंद पडलेल्या कार्व्हरचा स्पिंडल, बेअरिंग, सर्व्हो, कंट्रोलर जे काही असेल ते आम्ही येऊन बघू, दुरुस्त करू, मजुरी घेणार नाही, पार्टचे पैसे पण जमले तर आम्ही गोळा करू. टूलपाथ कसा चालतो ते नवीन टेक्निशियनला शिकवू. पण पायाला हात लावून कुठे किती उतरवायचं ते ठरवणारा माणूस तुम्हीच नेमायचा आहे, ते काम आम्हाला येत नाही आणि आम्ही करणार पण नाही. रविवारी आमची मशीन बंद असतात, त्या दिवशी कधीही बोलवा, फोन नंबर अर्जावर आहे.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक जॉबवर्कवाला, चौथीतल्या मुलीचा बाप